नवरदेवाच्या खुर्चीत सात मिनिटं

गोष्टी सांगणाऱ्यांची मंडळी जमवली की किस्से दोन प्रकारचे साठतात. एक, जे माणूस खुर्चीत बसून सांगतो. दुसरे, जे तो सांगत असताना त्या खुर्चीच्या आसपास घडतात. पहिले ज्याचे त्याचे, ते मी गरजेपुरतेच सांगेन. दुसऱ्यांवर मात्र कुणाची मालकी नाही, आणि ते माझ्याकडे इतके झालेत की कुणी नुसतं "काय म्हणतंय तुमचं मंडळ?" असं विचारलं तरी चहा गार होईपर्यंत त्याची सुटका नसते!

मंडळाचं नाव 'सात मिनिटं'. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही रत्नागिरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. सांगणाऱ्यासाठी खुर्ची ठरलेली आहे, नवरदेवाची! लाल मखमल, सोनेरी हात, पाठीला दोन मोर. पहिल्या दिवशी धड खुर्ची एवढी एकच सापडली, मग तीच राहिली. कितीही वयाचा माणूस तिच्यात बसला की पहिलं मिनिटभर उगाच लाजतो.

नियम तीन. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि कागद न बघता सात मिनिटांत संपायला हवी. घड्याळ आणि घंटी माझ्या ताब्यात. मी तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. खोटं बोलणारा माणूस कुठे श्वास घेतो हे मला मान वर न करता कळतं, असा माझा समज होता. मंडळात मला समोर मीनाताई म्हणतात आणि पाठीमागे जजबाई.

*

यातला दुसरा नियम पहिल्याच दिवशी जन्माला आला, तो जोगळेकर सरांमुळे.

जोगळेकर सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. निम्मी रत्नागिरी त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. त्यांनी विहिरीत पडलेल्या बिबट्याची गोष्ट सुरू केली. दोर कसे सोडले, खाट कशी बांधली, बिबट्या खाटेवर चढून कसा मांजरासारखा बसला, आणि वर आल्यावर त्याने सरांच्या डोळ्यांत कसं पाहिलं!

गोष्ट संपली, टाळ्या पडल्या, आणि मागून बापू उठले. बापू आंब्याचे बागायतदार, सरांचे शाळेपासूनचे मित्र.

"सर, विहीर आमची," बापू म्हणाले.

"मग! तुझ्याच बागेतली."

"बिबट्यापण खरा. पण तुम्ही तेव्हा बी.एड.ला कोल्हापूरला होतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग हे सगळं मला सांगितलं कुणी?"

"मीच सांगितलं की! गेली चाळीस वर्षं सांगतोय!"

सरांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. बापूंनाही वाटलं असावं. ते पुढे आले, सरांचा हात धरून त्यांना खुर्चीतून उठवलं आणि म्हणाले, "पण सर, मी बघितला त्यापेक्षा तुमचा बिबट्या चांगला होता हो."

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'गोष्ट स्वतःचीच'. आणि कोर्टातली सवय म्हणून वर बजावलं, "ऐकीव साक्ष इथे चालणार नाही!"

*

हे वाक्य माझ्याच अंगाशी आलं.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीपासून शांतारामभाऊ आणि सुमनवहिनी यायला लागले. पालीच्या पुढे त्यांची वाडी. भाऊ आयुष्यभर सायकलवरून फिरलेले वायरमन. त्या भागातलं एक घर असं नसेल जिथे भाऊंनी फ्यूज बदलता बदलता चहा घेतला नाही आणि किस्सा सांगितला नाही. बोलायला नंबर एक! दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदमच गेली. समोरच्याचं सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते "हो", "ना" आणि "ते... ते...". बाकी शब्द अडकलेले.

दोघं बसने यायचे आणि भाऊ दाराजवळच्या खुर्चीत बसून कान टवकारून ऐकायचे. दुसऱ्यांदा आले तेव्हा भाऊंनी डावा हात वर केला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते उठले, नवरदेवाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि "ते... ते..." करत उभे राहिले.

सुमनवहिनी माझ्याकडे आल्या. "ताई, ह्यांना काहीतरी सांगायचं आहे. मी सांगू का ह्यांच्या वतीनं? ह्यांच्या सगळ्या गोष्टी माझ्या पाठ हायत."

आणि मी शहाणी म्हणाले, "वहिनी, नियम आहे. ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण बोललेलं कसं परत घेणार? वहिनी जाऊन बसल्या. भाऊ मात्र माझ्याकडे बघून "हो, हो" म्हणाले. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताहेत. चांगुलपणा, दुसरं काय! पण त्यांना खरंच तेच हवं होतं, हे कळायला मला बरेच महिने लागले. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको होती.

*

आमच्या श्रोत्यांबद्दल सांगायलाच हवं. इतर गावांत श्रोते गोष्ट ऐकतात. रत्नागिरीत ते ती तपासतात!

रेहानाभाभी शिवणकाम करतात. माहेर जयगडच्या खाडीपलीकडचं. लग्न होऊन सासरी येताना त्यांनी शिवणाचं मशीन होडीत घालून आणलं, ती त्यांची गोष्ट. आई काठावर उभी, भाभी होडीत, मशीन मांडीवर, आणि मधोमध आल्यावर इंजिन बंद पडलं...

"इंजिन कुठलं?" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "तेव्हा तिथे शिडाच्या होड्या होत्या."

"हॅ! इंजिन आलं होतं. माझ्या मामाचीच होडी होती."

"तुमच्या मामाची होडी दाभोळला होती, इथे नव्हती!"

झालं! मामा निघाले, मामांचे भाऊ निघाले, भरती-ओहोटी निघाली. मी घंटी वाजवतेय, कुणी ऐकत नाही. सातातली पाच मिनिटं तिथेच गेली. रेहानाभाभी मोरांना टेकून शांतपणे बसल्या होत्या. जरा शांत झालं तशा म्हणाल्या,

"तुमचं काय ते ठरवा आणि मला सांगा. तोवर मी मशीन घेऊन खाडीतच बसते!"

तेव्हापासून चौथा नियम आला. दुरुस्ती गोष्ट संपल्यावर, आणि हात वर करून. पहिल्याच महिन्यात गोष्ट संपल्यावर अकरा हात वर झाले.

*

अनघा बँकेत असते. अतिशय टापटीप मुलगी. कागद न्यायचा नाही म्हटल्यावर तिने डाव्या तळहातावर बॉलपेनने मुद्दे लिहून आणले. मे महिना, पंख्याखालीसुद्धा अंगाला धारा लागलेल्या. खुर्चीत बसली, "माझ्या सासूबाई..." म्हणाली आणि हळूच मूठ उघडली.

मूठ बंद केली. परत उघडली. हात ट्यूबलाइटकडे धरून बघितला. सगळी निळी शाई घामाने एक झालेली.

"इथे सासूबाई होत्या," ती म्हणाली.

हॉल असा हसला की खालून कार्यालयाचा मॅनेजर वर आला. अनघाही हसली, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. हात पदराला पुसून तिने जे सांगितलं ते मुद्द्यांत लिहिलेलंच नव्हतं, हे तिने नंतर मला सांगितलं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी निघाली. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात अनघाचा फोन नंबर, एकाखाली एक तीनदा लिहिलेला. आणि खाली, 'सून. लगेच येते.'

त्या दिवशी दुरुस्तीसाठी एकही हात वर झाला नाही. मी घंटी वाजवली नाही, कारण मला घड्याळच दिसत नव्हतं.

*

मग एका शनिवारी सुमनवहिनींनी हात वर केला.

"ह्यांची नाय, माझीच सांगते," त्या म्हणाल्या. "मग तर चालेल ना, ताई?"

मी मान खाली घालून घड्याळ लावलं.

गोष्ट त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची. जुलै महिना, वादळ, झाडं तारांवर पडलेली, सगळ्या भागात लाइट नाही. भर दुपारी काळोख. वहिनी डॉक्टरीणबाईंच्या छोट्या दवाखान्यात खाटेवर आणि भाऊ पोलावर! "बाकीच्यांचे नवरे बाहेर फेऱ्या मारतात, माझा वर तारेवर लटकलेला," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंच्या हातात बॅटरी. मी वरडतेय. आणि जयू बाहेर आली, ती ट्यँ करून रडली, आणि डोक्यावरचा बल्ब पेटला! डॉक्टरीणबाई बोलल्या, सुमन, बापानं उजेड पाठवलान गं मुलीला!"

काय टाळ्या पडल्या! लोक उठून उभे राहिले. जोगळेकर सरांनी शांतारामभाऊंजवळ जाऊन त्यांचा डावा हात हातात घेतला. कोर्टात तीस वर्षं काढलेली मी, माझ्याही अंगावर काटा आला.

भाऊ टाळ्या घेत नव्हते. ते मान हलवत होते. "ना. ना." डाव्या हाताने खुर्चीच्या पाठीवर थापा मारत होते. "ना!"

"लाजले," कुणीतरी म्हणालं.

वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं बरं. आता घरी जाऊया."

भाऊ लाजले नव्हते. त्यांची दुरुस्ती होती. अख्ख्या रत्नागिरीत ज्याला दुरुस्ती करायची आहे असा एकच माणूस, ज्याला ती करता येत नव्हती! हे मला दिसलं, आणि मी काहीच करू शकले नाही.

*

पुढच्या महिन्यात भाऊंनी हात वर केला. मी सरळ म्हणाले, "या भाऊ."

वहिनी म्हणाल्या, "ताई, कशाला? त्यांना त्रास होतो." भाऊ तोवर चालायला लागले होते. एक पाय ओढत, खुर्च्यांना धरत, ते नवरदेवाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी घड्याळ लावलं.

"ते..." म्हणाले. "ते..."

कपाळावरची शीर फुगली. डावा हात वर गेला, काहीतरी धरल्यासारखा, मग खाली आला. "ते... ना..."

एक मिनिट झालं, दोन झाली. मला वाटलं, आता कुणीतरी खोकेल, कुणी शब्द सुचवेल. दर गोष्टीत नाक खुपसणारी ही माणसं! पण एक जण हलला नाही. रेहानाभाभी डोळे मिटून बसल्या होत्या. बापू पुढे वाकून भाऊंच्या ओठांकडे बघत होते. खाली रस्त्यावरून बँजोवाल्यांची गाडी गेली, तेवढाच आवाज.

सात मिनिटं पुरी झाली. मी घंटी वाजवली, कारण न वाजवणं हा त्यांचा अपमान झाला असता. भाऊ उठले, घामाने भिजलेले, आणि त्यांनी सगळ्यांना डाव्या हाताने नमस्कार केला. मंडळाने टाळ्या वाजवल्या, सर्वांना वाजवतो तेवढ्याच.

असं ते तीन महिने करत होते. चौथ्या महिन्यात त्यांनी हात वर केला नाही. दाराजवळ बसून राहिले. घरी जाताना बापू मला म्हणाले, "मीनाताई, माणूस हरला वाटतं." मी रागाने म्हणाले, "काहीतरी बोलू नका!" राग अर्थात बापूंवर नव्हता.

*

होळीनंतर भाऊंच्या वाडीतून निरोप आला. आमच्या देवळात या, तिथे बैठक घ्या. आम्ही वीस-बावीस जण मिनी बस करून गेलो. दुपारचे चार वाजलेले. सभामंडप शेणाने सारवलेला, सतरंज्या घातलेल्या, वाडीतली शंभरेक माणसं जमलेली. आमची खुर्ची आणता येईना म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल घालून ठेवली होती.

मी घंटी काढली. तसे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, थांबा. आधी गाऱ्हाणं."

बरोबर होतं. आमच्याकडे देवळात काहीही सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो, एकेक वाक्य देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळी मंडळी मोठ्याने म्हणतात, "व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं घालणारा तरुण नारळ घेऊन पुढे झाला. तेवढ्यात शांतारामभाऊ उठले. पाय ओढत त्याच्यापर्यंत गेले आणि डावा हात पुढे केला.

"वीस वरसं हेच घालीत होते," शेजारची बाई माझ्या कानात कुजबुजली. "आजारी पडले तवापास्नं दुसरा घालतो."

तरुण गोंधळला. त्याने म्हाताऱ्यांकडे बघितलं, म्हाताऱ्यांनी मान हलवली. नारळ भाऊंच्या हातात गेला. सुमनवहिनी अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या.

भाऊंनी देवाकडे तोंड केलं.

"बा देवा महाराजा!"

खणखणीत! वीस वर्षं घोळलेली ओळ, एकही अक्षर न अडकता! मंडपात छप्पर उडेल असा आवाज झाला, "व्हय महाराजा!"

"ही तुझी लेकरां... तुझ्या पायाशी आलीत, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

बापू रडत होते. जोगळेकर सर रडत होते. मी घड्याळ कुठे ठेवलं मला माहीत नाही.

"सगळ्यांची राखण कर, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. पुजारी पुढे आला. पण भाऊंनी नारळ खाली केला नाही. मान हलवली आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात, पण आता एकेक शब्द जड दगडासारखा उचलत, ते पुढे बोलले.

"जयूच्या येळेला... मी पोलावर... नव्हतो, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मंडप गरजला. सवयच ती! तोंडं बोलून गेली आणि मग माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"पोलावर... गंगाराम व्हता, महाराजा!"

"व्हय महाराजा..." आवाज निम्मा झाला. शेजारची बाई पुटपुटली, "गंगाराम म्हंजे ह्यांचा जोडीदार. वारला गेल्या साली."

"तू जा... बायकोजवळ... मी चढतो... असा सांगितलान मला, महाराजा!"

"व्हय महाराजा," म्हातारे तेवढे म्हणाले.

"मी गेलो... दारापरयंत..."

भाऊंच्या हातातला नारळ हलत होता. कुणी पुढे झालं नाही.

"ती वरडत व्हती... मी आत... नाय गेलो. मी भ्यालो, महाराजा!"

गाऱ्हाण्याला हुंकार दिल्याशिवाय ते पुरं होत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी हुंकार आला नाही. भाऊ देवाकडे तोंड करून, नारळ धरून, तसेच उभे.

सुमनवहिनी उठल्या. पदर खोचला, भाऊंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि नारळ धरलेल्या त्यांच्या हाताखाली आपला हात धरला.

"व्हय महाराजा," त्या म्हणाल्या.

मग भाऊंकडे न बघताच, रोजच्यासारख्या आवाजात म्हणाल्या,

"दवाखान्याच्या खिडकीतनं सायकल दिसत होती मला तुमची, तवाच. फोडा आता तो नारळ."